कोरेवरून माग

बुधवारी पूर्व भागात वीज नसते.
माग थांबतात
आणि कानात आपलंच रक्त ऐकू यायला लागतं.

नायना बाजेवर उताणे.
एरवी झोपेतही सांगतात,
"तिसऱ्या शेडातला धोटा अडखळतोय,"
आणि सकाळी खरंच तिथे सूत तुटलेलं असतं.
बत्तीस वर्षं त्यांनी जकार्डची कार्डं पाडली.
भोक असलं तर हूक वर,
नसलं तर खाली.
मोर, कमळ, एका मंत्र्याचं तोंडसुद्धा
एवढ्यातच बसवलं.

मी माझे आकडे वाचून दाखवते.
चौदा पूर्णांक तेरा.
एकवीस पूर्णांक शून्य दोन.
पंचवीस पूर्णांक शून्य एक.
"काय हे?"
सुन्ना, नायना.
एक सूत्र आहे, ते या जागी शून्य होतं.
मूळ संख्या कुठे दाट, कुठे विरळ पडणार
ते या भोकांत लिहिलंय.

"माळ किती कार्डांची?"
माळ फिरून परत येतच नाही.

ते उठून बसतात.
चारशे कार्डांनी मोर परत येतो,
हे त्यांच्या हाडात आहे.

मग मी जड अणूंचं सांगते.
त्यांच्या पोटात ऊर्जेच्या पायऱ्या असतात,
एकमेकींना खेटायचं टाळणाऱ्या.
माझी शून्यंही तशीच,
तेवढंच अंग चोरून.
अणूला संख्या ठाऊक नाहीत, संख्यांना अणू.
परक्या लग्नात दोन अनोळखी बायका भेटाव्यात
आणि अंगावर एकाच ताण्यातलं लुगडं निघावं.
म्हणून काहीजण म्हणतात, माग असणार.
ज्याची थरथर म्हणजेच हे आकडे, असा एक माग.
कापड हातात आहे,
माग कुणी पाहिलेला नाही.

नायना पायाखालची चादर ओढतात,
कोर दोन बोटांत धरतात, अंधारातच.
"गुंडेटींचा अकरा नंबर.
डावीकडे ताण जास्त.
भंगारात जाऊन वीस वर्षं झाली त्याला."

थोड्या वेळाने:
"तुझी भोकं तपासली किती?"
दहा लाख कोटी.
"सगळी एका ओळीत?"
सगळी.

मी त्या वाक्याची वाट पाहते
जे मामा म्हणाला, प्राचार्य म्हणाले,
बघायला आलेला मुलगाही म्हणाला:
मग आता राहिलंय काय?

नायना म्हणतात,
"हैदराबादच्या ऑर्डरीत चाळिसाव्या मीटरला
एक हूक उठला नव्हता.
एकच.
सगळा माल परत आला."

चार वाजता वीज येते.
आधी कोपऱ्यावरची शेड, मग समोरची,
मग अख्खी गल्ली खडखडाटात बुडते,
भिंतीवरचा आरसा खिळ्यावर थरथरतो.
नायना डोळे मिटून ऐकतात, बराच वेळ.
मी पेन्सिल धरून उभी.

"ह्यात नाही तुझा,"
ते म्हणतात,
आणि कूस बदलतात.