डायलर

बॉरुर कोपनहेगनला शिकायला गेला
आणि बंदराच्या कचेरीत त्याचं यंत्र मागं राहिलं,
एकही खिडकी नसलेलं.
काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात
उघडझाप करणारा एक पांढरा ठोकळा.
होग्नी बंदराचा अधिकारी, पण त्याला बोट लावायची भीती.
म्हणाला, मर्यून, तूच बघ.
मी आठवड्यातून तीन दिवस येते, मासळीचे हिशेब लिहायला.
म्हणजे मीच बघायचं.

धक्क्याखाली, लोखंडी नळीत,
भरती मोजणारं उपकरण बसवलेलं आहे.
त्याची वायर भिंतीतून वर येते,
दोरखंडांच्या कपाटामागून माझ्या टेबलाशी.
दर मिनिटाला एक आकडा ते पाठवतंच असतं,
जुनं यंत्र जळलं त्या रात्रीपासून
ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.
तो ऐकणारा बारकासा भाग इथं बसवायचा होता.

मी त्याला बोलावलं.
तो म्हणाला, आधी अमक्याला आण.
अमक्याला तमका हवा,
तमक्याची आवृत्ती जुनी, ती चालत नाही.
आमच्या रान्व्हाला जेवायला बोलवावं
तर ती नणंदेला आणते, आणि नणंद कुत्र्याला,
तसं.
बरं, कुठं काय ठेवलंय तेही कळेना.
जुन्या यंत्रात सी होतं, डी होतं,
इथं सगळ्याच्या मुळाशी एक तिरकी रेघ.
मी त्या रेघेवरून चार तास खाली-वर केले.

साडेचारला सगळे बसले एकदाचे.
भाग चालू केला.
उत्तर आलं: परवानगी नाही.
पुन्हा केला. परवानगी नाही.
अरे, कुणाची? होग्नी तर इथं बसून सँडविच खातोय.

बॉरुरची निळी फाईल, पानापानावर कॉफीची वर्तुळं.
त्यात सापडलं: हे दार
फक्त एका गटातल्या लोकांना उघडतं.
गटाचं नाव, डायलर.

मी चष्मा पुसला.

एकोणीस वर्षांची होते मी,
व्हॉगुरच्या टेलिफोन कचेरीत,
कानावर जड काळं यंत्र, समोर भोकांची फळी,
आणि ग्रीनलंडकडे गेलेल्या बोटी
खरखरत बोलायच्या किनाऱ्याशी.
मी म्हणायची, जोडते.
कोण रडतंय, कोण गप्प आहे, कुणाला मुलगा झाला,
गावात सगळ्यांच्या आधी मला कळायचं
आणि मी कुणाला सांगायची नाही.
मग आपोआप लागणारे फोन आले.
आम्हा चौघींना एक केक दिला
आणि फळी कुठं नेली ते कुणी सांगितलं नाही.

हे नाव कुणी तरी त्या काळात ठेवलं असणार,
आणि पुसायचं राहून गेलं.
मी त्या गटात माझं नाव लिहिलं,
सगळी अक्षरं लहान, जशी या यंत्राची रीत.

तरी तेच. परवानगी नाही.
पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बॉरुरचं अक्षर:
बाहेर पड, परत आत ये,
तोवर ते तुला जुनीच समजतं.

पडले बाहेर. आणि पडलेच आहे तर
कोट चढवून धक्क्यावरही गेले.
वाऱ्यानं डोळ्यांत पाणी.
शिडीच्या सात पायऱ्या उघड्या, आठवी ओली.
होग्नीचा बाप अशाच मोजायचा, पाठ करून.
एयुन डेकवर नळी मारत होता,
ओरडला, काय हरवलं?
मी म्हटलं, काही नाही, वाट बघतेय.

परत आले. नाव सांगितलं. शब्द सांगितला.
पडदा थोडा वेळ तसाच काळा.

मग: एकशे बेचाळीस.
मी हात मांडीवर ठेवून बसले.
एकशे बेचाळीस.
एकशे त्रेचाळीस.

लागला का? होग्नीनं तोंडात घास असतानाच विचारलं.
मी हात वर केला, पूर्वी करायची तसा.
हळू.
पलीकडून बोलतायत.