सातशे मिली

दहा हजार लिटरचा टँकर चालवलाय मी,
लातूरच्या गल्ल्यांत, रात्रीतून पाच खेपा.
आता दिवसाला सातशे मिली, मोजून.
चहा त्यातच. गोळी गिळायचा घोटही त्यातच.
बायकोनं काचेच्या बाटलीवर नेलपॉलिशनं रेघ ओढलीय.
नेलपॉलिश लेकीचं, पुण्याला जाताना राहून गेलेलं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
मशीन रक्त ओढतं, धुतं, परत भरतं.
मी पडल्या पडल्या फिलिंग पॉइंट आठवतो.
पाइप लावला की व्हॉल्व्ह असाच थरथरायचा,
जशी आता डाव्या मनगटावरची शीर.
थरथर आहे तोवर चांगलं, काका, नर्स म्हणते.

योजनेच्या काउंटरवरचा पोरगा भला आहे.
त्यानं तीन वेळा तपासलं.
"काका, तुमच्या नावावर जड वाहन दिसतंय."
दिसणारच.
रेल्वेनं पाणी आलं त्या साली टेंडर भरायला
मालकानं कागद माझ्या नावावर केले,
वर पेढा दिला.
रेशनकार्ड पांढरं झालं तेव्हा
मीच गल्लीभर दाखवत हिंडलो.
टँकर कधीच भंगारात गेला.
कागद अजून धावतोय,
आणि मी मालक आहे.

मग मोंढ्यातला एजंट, वडवळकर.
त्यानं चकचकीत माहितीपत्रक उलगडलं,
त्यात एक म्हातारा-म्हातारी बागेत हसत होती,
दोघांच्या हातात नारळपाणी.
(आम्हाला नारळपाणी म्हणजे विष.)
"आधीचा आजार तीन वर्षांनी धरतात," तो म्हणाला,
"तेही कंपनीनं तुम्हाला घेतलं तर."
तीन वर्षं म्हणजे चारशे अडुसष्ट खेपा.
मी हिशेब खेपांतच करतो.

राहिला शिवकांताच्या कंपनीचा गटविमा.
त्यात आईबाप बसतात, पहिल्या दिवसापासून, आजारासकट.
आजवर त्याच्यावरच तगलोय.
रविवारी तिचा फोन.
आधी विचारलं, पाणी किती झालं?
म्हणलं, साडेचारशे.
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, अप्पा,
लग्नानंतर फॉर्म नवा भरावा लागतो,
त्यात एकच जोडी घेतात.
आईवडील, नाहीतर सासूसासरे.
एकदा खूण केली की बदलत नाही.

सोयरीक निलंग्याची. माणसं चांगली.
व्याह्यांना साखर आहे.
बैठकीत त्यांनी शिऱ्याची बशी सारली,
मी पाण्याचा पेला.
एकमेकांकडे बघून हसलो होतो तेव्हा,
एकाच शाळेत नापास झाल्यासारखे.

म्हणलं, त्यांचीच कर खूण.
ती म्हणाली, खोटं बोलताय तुम्ही.
म्हणलं, हाव.

आता रात्रीचे अकरा.
बायको फाइल उशाशी घेऊन झोपलीय,
प्लॅस्टिकची, निळी, आठ कप्प्यांची.
बाटलीत दोन बोटं पाणी आहे.
पहाटे चारला घसा चिकटतो, त्यासाठी ठेवलंय.
या हातावर भार देऊ नका म्हणतात.
मी देत नाही. नुसता कानाशी धरतो.
आत कुणीतरी पाणी चालू ठेवून
जेवायला गेलंय.