कोपर

ताम्पेरे. खिडकीबाहेर तळं गोठलेलं,
टेबलावर लाकूडतोड्या यंत्राचं कोपर:
ओतीव पोलाद, काखेत केसाएवढी चीर.

नऊ दिवस पिर्को त्याची जाळी विटांनी बांधतेय.
सहा बाजू, आठ कोपरे, शिस्तीतली मंडळी.
दांड्यात बसतात मुकाट,
पण जिथं तीन फासळ्या एकमेकींत शिरतात
तिथं वीट पिळवटते, तिचं घनफळ उणे होतं
आणि संगणक लाल होऊन हात वर करतो.

"चौफलक भरा ना," ओत्सो म्हणतो,
"कॉफी गाळून होईतो भरतील."
भरले. चार कोपऱ्यांचे, लाखोंनी,
मिळेल त्या सांदीत, मुरमुऱ्यांसारखे.
उत्तर आलं: वाकत नाही.
काही म्हणजे काहीच वाकत नाही.

पिर्को चिरेवर अंगठा ठेवते.
ताठ आहेत हे, म्हणते, म्हणून खोटं बोलतात.
प्रत्येक कडेच्या मध्यावर एकेक बिंदू दे यांना.
वाकायला जागा दे.

ओत्सो बोटांवर मोजतो: चार नि सहा, दहा.

दांड्याच्या विटा राहू दिल्या.
काखेत नवे चौफलक, दाटीनं,
आणि वेशीवर पिरॅमिड,
एक अंग चौकोनी, बाकी टोकदार,
दोन्ही बाजूंची बोली येणारे.

तीनलाच अंधारून आलं.
गणित रात्रभर चालेल.
तिनं अंगठ्याचा गंज स्वेटरला पुसला, दिवा मालवला.

चीर टेबलावरच होती,
सगळं आधीच ठाऊक असलेली.