मशीन तापेपर्यंत

लॅमिनेशनचं मशीन तापायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी कागद वाचते.
विट्याच्या स्टँडमागं, बोळात, अकरा वर्षं
लोकांचं शिकणं मी असं
दिवा हिरवा होईस्तोवर वाचत आले.

दिग्विजय हसबे. आयटीआय, वायरमन, दोन वर्षं.
फोटोत शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.
माझ्या दुकानातला जळका बोर्ड यानंच बदलला होता,
कागद हातात यायच्या सहा महिने आधी.

रुक्साना शिकलगार. जीएनएम, मिरज.
"ताई, बीएस्सी नर्सिंगात आन् ह्यात फरक काय ओ?"
एक वर्ष, म्हटलं, आणि फी.
"आन् इंजेक्शन?"
इंजेक्शन तेच.

जूनमध्ये बारावीची पोरं येतात.
झेरॉक्सचे दोन रुपये, सल्ला फुकट.
डिप्लोमा म्हणजे डिग्रीची सावत्र बहीण नव्हे,
त्यावर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात बाबा.
टायपिंग तीसचं कर, मग चाळीसचं.
एमएस-सीआयटी? ते घरात तवा असतो तसं,
असलं तर कुणी विचारत नाही,
नसलं की अडतं.

मेकॅनिकलची बी.ई. झालेला एक जण
आयटीआयचा फॉर्म भरायला आला होता.
नाव सांगत नाही.
वडील बाहेर मोटरसायकलवर बसून राहिले,
इंजिन चालू ठेवून.

आणि काल सुवर्णाकाकी लोखंडे,
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या.
पदराखालून काढलं: बी.ए., मुक्त विद्यापीठ, द्वितीय श्रेणी.
वय विचारलं नाही. जन्मतारीख कागदावर होतीच.
सहा वर्षं लागली म्हणाल्या,
इतिहास दोनदा गेला.

काकी, मूळ प्रत लॅमिनेट करत नाहीत.
शिक्का तपासता येत नाही, ऑफिसात घेत नाहीत.
कलर झेरॉक्स काढू, ती करू.
"कुठल्या ऑफिसात दावायचंय मला?"
नोकरीला लागलं तर?
"नोकरी हाय की. दीडशे पोरांची खिचडी.
माझ्या हाताला फोडणी असती सदा, डाग पडंल.
कर तू."

हिरवा दिवा लागला.
कागद आत जाताना मी श्वास धरला,
एकदा एकाची टीसी आत सुरकुतली होती, तेव्हापासून धरते.
बाहेर आला तो सरळ, गरम, पापडासारखा.
काकींनी तो गालाला लावला.

"तुझं कुठाय गं?"

माझी एफवाय बी.कॉम.ची पावती आहे,
कार्बनची निळी,
गल्ल्याच्या तळाशी, सुट्ट्या पैशांखाली.
आकडा आता दिसत नाही, तारीख अर्धी दिसते.

मशीन बंद करते काकी, म्हटलं,
लाईट बिल फार येतं.
त्या उभ्याच राहिल्या.
दिवा अजून हिरवाच होता.