रकाना अकरा

ट्रेलरमधलं आमचं कार्यालय. हीटर उजव्या पायाला भाजतो,
डाव्याला विसरतो.
पडद्यावर रकाना अकरा:
लाभार्थींची संख्या. फक्त आकडे.

चारशे सव्वीस, मी लिहिते.
जमातीच्या नोंदवहीत तेवढीच माणसं,
मंगळवारी जन्मलेलं ट्रुडीचं बाळ धरून.
मग बोट थांबतं.
रस्त्याखालच्या मोरीपाशी
दर ऑक्टोबरात येऊन डोकं आपटणारे ते,
त्यांना कुठे बसवू?

मोरी काउंटीने टाकली, चौसष्ट साली,
तोंड पाण्यापासून दोन हात वर.
सॅल्मन उडी मारतो हे खरं,
पण उडीला खाली डोह लागतो.
इथे घोट्याएवढं पाणी,
आणि कुणाचा तरी टायर.

माप घ्यायला ऑगस्टीन आला होता, वय त्र्याऐंशी.
टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
म्हणाला, वर साडेचार मैल खडी आहे,
धुतल्या तांदळासारखी.
साठ वर्षं अंथरूण घालून ठेवलंय,
कुणी निजायला येत नाही.

हे मी गरजेच्या निवेदनात घातलं.
मर्यादा दोन हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
अंथरूण काढावं लागलं.
झोप आधीच गेली होती.

मग आमचा हिस्सा.
त्यांचे ऐंशी तर आमचे वीस,
रोख नसेल तर श्रम चालतील, ताशी दराने.
म्हणून काल रात्री सभागृहात
एल्कच्या रश्श्याचं पातेलं मध्ये ठेवून
तासांची बेरीज झाली.
लोनीचा जेसीबी, नऊ दिवस.
पायपर बहिणी काठाला वाळुंज लावणार.
शाळेची मुलं मासे मोजणार.
आणि ऑगस्टीनचं खुर्चीत बसून बघणं?
ट्रुडी म्हणाली, लिही: तज्ज्ञ सल्ला,
तासाला पंच्याऐंशी डॉलर.
तो इतका हसला
की कवळी हातात घ्यावी लागली.

गंगाजळी किती, असंही विचारतात.
मी खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्याच्या मालकाचं समर्थनपत्र हवं.
मालक काउंटी. काउंटीचा माणूस आधी रजेवर,
मग आजारी, मग बदली होऊन गेलेला.
सहाव्या फोनला एक मुलगी सापडली, नवी,
तिला मोरी कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं.
म्हटलं, ये, दाखवते.
आली. ट्रुडीचे रबरी बूट घालून उभी राहिली.
एक मासा तिच्यासमोर नऊ वेळा आपटला.
दहाव्या वेळी तिने तोंड फिरवलं.
पत्र दुसऱ्याच दिवशी आलं,
आमच्या जमातीचं नाव चुकलेलं,
पण आलं.

शेवटचा प्रश्न:
निधी संपल्यावर हे काम कसं टिकवाल?
ऑगस्टीनला वाचून दाखवला.
बराच वेळ तो कॉफीच्या कपात बघत राहिला.
आपण कशाला टिकवायचं, म्हणाला,
मासे टिकवतील.
आपण वाटेतून बाजूला व्हायचं, एवढंच काम.

मी तसं लिहिलं नाही.
मी लिहिलं: वर्षातून दोनदा देखभाल,
पाहा परिशिष्ट ड.

मुदत आज पाचपर्यंत. पण पाच त्यांचे,
पूर्व किनाऱ्यावरचे. आमच्याकडे तेव्हा दोन.
एक त्रेपन्नला सगळं जोडून झालं.
नकाशे, ठराव, चुकलेल्या नावाचं पत्र.
बटणावर बोट ठेवलं, आणि काढलं.
मागे गेले, अकरापर्यंत.
तिथे शब्द चालत नाहीत.
सहा खोडून सात केला.

चारशे सत्तावीस.

चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं.
पोच आली तेव्हा तिच्यावर वेळ होती
पाच वाजून शून्य मिनिटं.
आत की बाहेर,
ते म्हणे मार्चमध्ये कळवतील.

मी हीटर बंद केला.
बाहेर पाण्याचा आवाज होता,
आणि मधूनमधून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा.