नवटाक

रावपुऱ्याच्या मागे, जिथं आता
झेरॉक्स आणि चष्म्याचं दुकान आहे,
तिथं पिठं होती. तीन.
अण्णा सबनीस अबकारीत होते, त्यांना पाठ.

पहिलं फरामजीचं: संगमरवरी टेबल, दाराला पडदा,
साहेबलोक मागच्या बोळातून.
मधलं कलालाचं; मोहाची, पत्र्याच्या मापानं.
तिसऱ्याला नावच नव्हतं.
‘पायरीवर जातो’ म्हणायचे लोक.
तिथली उधारी कोळशानं भिंतीवर,
आणि दर दिवाळीला भिंतीला चुना.
मालक बघायचा, बोलायचा नाही.

बंदी आली त्या संध्याकाळी
अण्णांनीच तिन्ही कुलपांवर लाख ओतली.
उभ्या जन्मात थेंब न शिवलेला माणूस
घरी येऊन जेवला नाही.
‘फरामजीनं चहा पाजला रे,’
एवढंच. मग बराच वेळ
बोटाला चिकटलेली लाख खरवडत बसले.

आता विचारा कुणालाही:
इथं? छे हो, इथं कधीच नव्हतं काही.

चष्मेवाल्याची पायरी तेवढी
मधोमध खोल झिजलेली.
सकाळी पोऱ्या दुकान धुतो,
सगळं पाणी गटारात जातं,
त्या खळग्यातलं राहतं.
साधारण
नवटाक.