अटेम्प्ट सर्टिफिकेट

खिडकीतल्या त्रिवेदीबेननं यादी पुढं सरकवली,
तेरा कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स,
आणि तेराव्याभोवती पेनानं गोल केला:
हा नाही तुमच्याकडे.

कितव्या वेळी पास झालात, त्याचा दाखला.

साडेचार वर्षांची पदवी,
त्यातले शेवटचे सहा महिने वॉर्डात, फुकट,
कौन्सिलचा नंबर, मायग्रेशन,
पांढऱ्या पडद्यासमोरचे फोटो, ज्यात माझे कान मोठे दिसतात,
प्रवेश परीक्षेचे गुण (ते बरे आहेत, चांगलेच बरे),
सगळं होतं. फाइल चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती.
तरी तिसऱ्या वर्षाच्या न्यूरोपुढं
कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यायला हवं होतं: दोन.

एकदा नापास. मे महिना.
घरी कुणी रागावलं नाही, तेच वाईट.
बाबा म्हणाले, बॉयलरसुद्धा पहिल्या काडीला पेटत नाही,
आणि मग दोन दिवस बोललेच नाहीत.

जुन्या कॉलेजात अर्ज दिला. पन्नास रुपये, चार दिवस.
त्या चारही संध्याकाळी
स्कूटर रावपुऱ्याच्या त्याच गल्लीत लावली.

उस्मानमास्तरांनी चाळीस वर्षं सफारी शिवले,
नवरदेवांच्या शेरवान्या, बँकेतल्या साहेबांचे कोट.
आता डावा हात मांडीवर असतो,
गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही अशा कापडासारखा.
मी ताटलीत बटणं ओतते.
आधी कोटाची, मग शर्टाची.
अंगठा, तर्जनी, चिमूट. उचला. वाटीत टाका.
पडलं.
पडलं.
खांदा वर जातो त्यांचा, मी तळव्यानं खाली दाबते,
खांद्यानं नको मास्तर, बोटांनी.
पडलं.
मी वहीत रेघा मारते. मोजणं हा माझा धंदा.
सतरावं वाटीत टिण्ण वाजलं
तेव्हा म्हणाले, लिहा, एक.
एक कसं? सतरा झाले, मी म्हटलं.
आधीची सोळा मापं होती, ते म्हणाले,
मापाचे पैसे कोण घेतं?

दाखला आला. जांभळा शिक्का,
अंकी दोन, अक्षरी दोन,
कुणी खाडाखोड करू नये म्हणून पुढं आडवी रेघ.

हाडांचं घे, आई म्हणाली होती,
गुडघे कुणाचे संपत नाहीत.
तिचेही दोन्ही आहेतच, जिन्यावर वाजणारे.

फेरीच्या दिवशी पडद्यावर जागा कमी होत गेल्या.
खेळाडूंची शाखा गेली, हृदयाची गेली.
माझ्या नंबरापर्यंत न्यूरोच्या दोन्ही भरल्या.
टेबलामागच्या सरांनी तेरावा कागद वाचला,
चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं:
यातच अडकला होता ना तुम्ही?
हो, यातच.
ऑर्थो आहे अजून. घेऊन टाका.

मागं रांग होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं.
मला आईचे गुडघे ऐकू आले, खरंच.
वेटिंगवर लिहा, मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं: न्यूरो, प्रतीक्षा, एक.
दुसरी फेरी वीस तारखेला,
कागद पुन्हा सगळे.

पुन्हा सगळे म्हणजे सव्वीस झेरॉक्स.
कोठीच्या फाटकाजवळच्या दुकानात
मी पर्सच्या तळाची चिल्लर काउंटरवर उलटी केली.
पोरानं बोटानं नाणी ओढून घेतली एकेक
आणि एक परत सरकवलं,
बेन, आ नहीं चाले.

राखाडी, चार भोकांचं, शर्टाचं.
पर्समध्ये कधी पडलं कोण जाणे.
बरं झालं दिसलं.
सोमवारी ताटलीत एक कमी भरलं असतं.